पिकअपच्या पुढील स्प्रिंगा : बळकटी हवी, कडकपणा नको

शेतकऱ्याच्या घरी बैल असतो तेव्हा त्याच्या खुरांची, खांद्याची आणि पत्रीची काळजी घेतली जाते. जू खांद्याला काचू लागले तर बैलाला चार दिवस विसावा मिळतो. बैलाची जागा ज्या ठिकाणी पिकअप गाडीने घेतली, त्या ठिकाणी मात्र ही दक्षता मागे पडलेली दिसते. गाडी चालते आहे तोपर्यंत तिच्याखाली वाकून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात पिकअपच्या अशा एका भागाचा विचार करावयाचा आहे, की जो दृष्टीआड असतो, परंतु ज्यावर चालकाचा जीव व मालाचे मोल ही दोन्ही अवलंबून असतात. तो भाग म्हणजे पुढील चाकांवरील स्प्रिंगा.

राहुरी तालुक्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. मुळा धरणाच्या कालव्यांखालील भाग काळ्या, चिकण जमिनीचा आहे. पावसाळ्यात शेतवाटांवर चिखल होतो आणि उन्हाळ्यात त्याच वाटांवर वाळलेल्या चाकोऱ्यांचे कठीण वरंबे उभे राहतात. पश्चिमेकडील म्हैसगाव, ताहाराबाद या बाजूस चढउताराचे व दगडगोट्यांचे रस्ते आहेत. कांदा वांबोरीच्या उपबाजारात न्यावयाचा, दूध संकलन केंद्रावर पोहोचवावयाचे, चारा व खते शेतावर आणावयाची, ही सर्व कामे आज पिकअप करते. चिखलातून व चढावरून निभाव लागावा म्हणून काही शेतकऱ्यांनी जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाड्या, जपून ठेविल्या आहेत. अशा गाड्यांचे वय झाले की पुढचा भाग खाली बसू लागतो, आणि मग मालक गॅरेजात जाऊन म्हणतो, "पुढे जरा कडक स्प्रिंगा टाका." आमचा आक्षेप याच मागणीस आहे. बसलेली स्प्रिंग बदलणे योग्यच होय. परंतु तिच्या जागी अधिक कडक किंवा अधिक उंच स्प्रिंग घालणे हे लाभाचे नसून हानीचे आहे. गाडीच्या निर्मात्याने ठरविलेल्या मापाची स्प्रिंग, दोन्ही बाजूंस एकाच वेळी व योग्य साधनांनी बसवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देत आहोत.

प्रथम आपली गाडी ओळखा

ग्रामीण भागास चारचाकी ओढीच्या गाडीचा परिचय जीपने करून दिला. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यापाड्यांतील परिचित दृश्य झाले. त्या जीपला पुढे व मागे, दोन्हीकडे पोलादी पाटे असत. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीसही चारही चाकांवर पाटेच होते. २००० मध्ये आलेल्या बोलेरोला मात्र पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे अशी योजना होती. परदेशांतही हाच क्रम दिसतो. शेतात व वाळवंटात वापरल्या जाणाऱ्या टोयोटा लँड क्रूझर पिकअपला १९९९ पासून पुढे स्प्रिंगा देण्यात आल्या. मागील पाटे मात्र तसेच ठेवण्यात आले. यामागील हेतू सरळ आहे. पुढील चाकांना वळावयाचे असते आणि चालकाचा हात त्यांच्याशी जोडलेला असतो, म्हणून तेथे मऊपणा हवा. मागील चाकांवर ओझे पडते, म्हणून तेथे पाट्यांचा थर हवा.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा. काही फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते व पाटेही नसतात. चेसिसच्या लांबीशी समांतर अशी एक जाड पोलादी दांडी असते. ती पिळली जाऊन स्प्रिंगचे कार्य करते. अशा गाडीचा पुढचा भाग बसला तर स्प्रिंगा शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी गाडीखाली पाहून, शक्य तर गाडीची माहितीपुस्तिका सोबत घेऊन, आपल्या गाडीत काय आहे याची खात्री करून घ्यावी. केवळ मॉडेलचे नाव सांगून भाग आणणे पुरेसे नाही. एकाच नावाच्या गाडीत दोन चाकांच्या ओढीस एक आणि चार चाकांच्या ओढीस दुसरी अशी भिन्न रचना असू शकते.

स्प्रिंग नरम पडत नाही, ती बसते

जुनी स्प्रिंग "नरम पडली" असे सर्वत्र म्हटले जाते. ही समजूत बरोबर नाही, आणि पुढील पुष्कळसा घोटाळा या समजुतीतूनच उद्भवतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये जो नियम प्रसिद्ध केला, त्यानुसार स्प्रिंगवर जितके वजन वाढते त्या प्रमाणात ती दबते. शंभर किलोस एक सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग दोनशे किलोस दोन सेंटिमीटर दबेल. हे प्रमाण तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा मूळ गुण यांवर ठरते. यांपैकी एकही गोष्ट वयोमानाने फारशी बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी लांबी. वर्षानुवर्षे दबून व आदळून ती कायमची थोडी आखूड होते. जुनी स्प्रिंग शंभर किलोस पूर्वीइतकीच दबते, परंतु तिचा आरंभच खालून होतो.

याचा परिणाम काय होतो? चाक वर उचलले गेले असता शेवटी ते जेथे अडते, तेथे रबराचा एक ठोकळा असतो. त्यास गॅरेजमध्ये बंप रबर म्हणतात. चांगल्या स्थितीत या रबरापर्यंत चाकास सहा सेंटिमीटर वाव असेल, आणि स्प्रिंग बसल्यामुळे गाडी दोन सेंटिमीटर खाली आली असेल, तर चारच सेंटिमीटर वाव उरतो. मग जो खड्डा पूर्वी स्प्रिंग पचवीत असे, तोच आता रबरावर आणि रबरावरून थेट चेसिसवर आदळतो. चालकास वाटते की गाडी कडक झाली. तरीही तो गॅरेजात जाऊन आणखी कडक स्प्रिंग मागतो! वास्तविक त्याला कडकपणा नको असून हरवलेली उंची परत हवी असते, आणि ती उंची मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगने मिळते.

स्प्रिंग बसली किंवा नाही हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी, चारही चाकांत योग्य हवा भरावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस फीतपट्टीने मोजावे. हे माप माहितीपुस्तिकेतील मापाशी, ते नसल्यास तशाच चांगल्या स्थितीतील गाडीच्या मापाशी ताडून पाहावे. गाडी एका बाजूस कललेली दिसली तर दोष पुढचाच आहे असे लगेच मानू नये. मागील एका बाजूचा पाटा तुटला असला तरी पुढचा भागही त्या बाजूस झुकतो. याची परीक्षा सोपी आहे. पुढील चाकांना उटी लावून, चेसिसच्या मागील आडव्या पट्टीच्या बरोबर मध्याखाली जॅक देऊन मागचा भाग किंचित उचलावा. तरीही पुढचा भाग कललेलाच राहिला तर दोष पुढचा. सरळ झाला तर मागचा. या परीक्षेच्या वेळी कोणीही गाडीखाली जाऊ नये. झिजलेले बुश आणि गंजून खचलेली स्प्रिंगची बैठकही गाडी खाली आणतात. त्यांचीही तपासणी करावी.

कडक स्प्रिंगने ओझे वाढत नाही

शेतकरी बंधूंचा यावरील युक्तिवाद आम्हांस परिचित आहे. कांद्याचा भाव चढला असता एका खेपेत दोन क्विंटल अधिक गेले तर डिझेल वाचते. स्प्रिंग कडक असेल तर गाडी ते ओझे सोशील, असे ते म्हणतात. डिझेल वाचविण्याची इच्छा रास्त आहे. परंतु पुढील स्प्रिंगबाबत हा हिशेब मुळातच चुकतो, कारण हौद्यातील ओझे पुढच्या स्प्रिंगांवर फारसे येतच नाही.

दोन खांबांवर ठेवलेल्या तुळईचे उदाहरण घेऊ. पुढील व मागील आसांमधील अंतर तीन मीटर आहे आणि हौद्यातील मालाचा मध्य मागील आसाच्या तीस सेंटिमीटर पुढे आहे असे समजा. मग एक हजार किलो मालापैकी केवळ शंभर किलो पुढील आसावर येतात, आणि उरलेले नऊशे किलो मागील आसावर. मालाचा मध्य मागील आसाच्या पंधरा सेंटिमीटर मागे सरकला, तर पुढील आसावरचे वजन वाढण्याऐवजी पन्नास किलोंनी कमीच होते. अशा गाडीची पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंग फसवे बनते. तेव्हा पुढे कितीही कडक स्प्रिंग घातली तरी गाडीची वाहण्याची शक्ती वाढत नाही. ती शक्ती मागील पाटे, आस, टायर, ब्रेक आणि चेसिस या सर्वांतील सर्वांत दुर्बळ भागावर ठरते. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीइतकीच असते.

मग पुढील स्प्रिंगांवर भार कशाचा येतो? इंजिनाचा, चालकाचा आणि ब्रेक दाबताना पुढे झुकणाऱ्या संपूर्ण गाडीचा. यात आपणच भर घालतो ती पुढे लावलेल्या जड लोखंडी गार्डची. साठ किलोचा गार्ड पुढील आसाच्या पाऊण मीटर पुढे बसविला, तर वरील मापाच्या गाडीत पुढील आसावर साठ नव्हे, पंचाहत्तर किलो वजन वाढते. शिवाय असे गार्ड नियमबाह्य आहेत. त्यांविरुद्ध कारवाई करण्याविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. स्प्रिंग बदलण्यापूर्वी गार्ड काढणे हा अधिक स्वस्त व अधिक गुणकारी उपाय होय.

कडक स्प्रिंगची हानी मात्र निश्चित आहे. तारेची जाडी थोडी वाढली तरी कडकपणा फार वाढतो. तो जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. वेटोळ्यांचा व्यास व संख्या तीच ठेवून बारा मिलिमीटर तारेऐवजी तेरा मिलिमीटर तार घेतली, तर कडकपणा सुमारे अडतीस टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, परंतु रिकाम्या गाडीचे चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागते. उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते. ज्या क्षणी चाक हवेत आहे, त्या क्षणी त्याचे ब्रेकही निरुपयोगी आणि वळणही निरुपयोगी. नगर–मनमाड मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर, पुढे उसाची ट्रॉली आणि समोरून बस येत असता, त्या एका क्षणाचे मोल दोन क्विंटल कांद्याहून फार अधिक आहे.

अधिक उंच स्प्रिंगचीही तीच कथा. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूस आडव्या बाहूवर बसलेली असते. म्हणून स्प्रिंगची लांबी एक सेंटिमीटरने वाढली तर चाकापाशी गाडी त्याहून अधिक उचलली जाते. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढील चाकांना फिरविणाऱ्या दांड्याही असतात. गाडी उचलली की त्यांचे सांधे तिरपे चालतात, त्यांवरील रबरी आवरणे फाटतात, आत चिखल शिरतो आणि सांधा निकामी होतो. चाकांचा कोन बदलून टायर एका कडेने झिजतात. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात.

याच कारणास्तव तात्पुरते तोडगेही टाळावेत. वेटोळ्यांमध्ये रबराचे किंवा लाकडाचे ठोकळे ठोकणे म्हणजे तेवढी वेटोळी निकामी करणे होय. उरलेल्यांवर ताण वाढून ती लवकर तुटतात. गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापविणे अथवा तिला वेल्डिंग करणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. विळ्याचे पाते भट्टीत पडून राहिले तर त्याचे पाणी उतरते. तसेच स्प्रिंगच्या पोलादाचे पाणीही उष्णतेने उतरते, आणि अशी स्प्रिंग कोठे व केव्हा तुटेल याचा नेम राहत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्यासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अनेक खेपांत वाचविलेले डिझेल अशा एका दंडात जाते.

बदलण्याची रीत

दबलेली स्प्रिंग ही डिवचलेल्या जनावरासारखी असते. शंभर किलोस एक सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग दहा सेंटिमीटर दाबून ठेविली, तर तिच्यात पन्नास किलोची कांद्याची गोणी एक मीटर उचलण्याइतकी शक्ती साठते. ती शक्ती एका क्षणात सुटली तर हात, जबडा अथवा प्राण जाऊ शकतो. म्हणून हे काम जाणत्या कारागिरानेच करावे. मालकाने मात्र ते कसे होते आहे हे समजून पाहावे.

गाडी पक्क्या, सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागील चाकांना दोन्हीकडून उटी लावावी. जॅकने पुढचा भाग उचलल्यावर चेसिसखाली लोखंडी स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर विसंबून गाडीखाली जाणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. चाक काढल्यावर खालच्या बाहूस जॅकचा आधार द्यावा, आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या पकडीने स्प्रिंग आवळून धरल्यावरच सांधे सोडावेत. पकडीचे दोन आकडे स्प्रिंगच्या समोरासमोरील बाजूंस असावेत व ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. आवळलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड नेऊ नये. ज्या गाडीस पुढे अखंड आस असतो, तीत शॉक अब्सॉर्बर सोडून आस सावकाश खाली घेतला की स्प्रिंग मोकळी होते; परंतु तेथेही ब्रेकची रबरी नळी ताणली जाऊ नये याकडे लक्ष असावे. ब्रेकचा संच नळीवर लोंबकळत ठेवू नये. तारेने वर बांधावा.

नवी स्प्रिंग बसविण्यापूर्वी बैठक खरवडून स्वच्छ करावी. काळी माती तेथे साचून ओल धरते आणि गंजाचा आरंभ तेथूनच होतो. बैठकीचे रबर नवे घालावे आणि स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेत नीट बसले आहे, हे हात लावून नव्हे तर दिवा धरून पाहावे. रबरी बुश असलेले बोल्ट प्रथम सैल ठेवून, गाडी चाकांवर उतरविल्यानंतर शेवटचे आवळावेत. लोंबत्या स्थितीत आवळल्यास बुश कायमचे पिळलेले राहतात व लवकर फाटतात. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे व दिव्यांचा झोत तपासावा. काही दिवस गाडी चालल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात. एका बाजूस नवी व दुसऱ्या बाजूस जुनी असली तर गाडी कलते, दोन चाकांवरील भार विषम होतो आणि जोराचा ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढली जाते. बैलजोडीत एक बैल पुढे व एक मागे राहिला तर नांगराचे तास सरळ पडत नाही, हे शेतकऱ्यास कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गावाने काय करावे

या कामात आवश्यक असणारी चांगली पकड, दोन मजबूत स्टँड आणि बोल्ट ठराविक जोराने आवळण्याचा टॉर्क पाना ही साधने खेड्यातील लहान गॅरेजात बहुधा नसतात. कारागीर ती विकत घेत नाही, कारण त्याला त्यांची गरज वर्षातून थोड्याच वेळा पडते. परिणामी स्प्रिंग काढताना साखळी, पहार आणि दैव यांवर भिस्त ठेविली जाते. आमची सूचना अशी की, शेतकरी गटांच्या अवजार बँकेत पेरणीयंत्र व मळणीयंत्र यांच्या जोडीला हा एक संच गटाच्या वर्गणीतून ठेवावा आणि तो गावातील कारागिरास अल्प भाड्याने द्यावा. तो कसा वापरावा याचे प्रात्यक्षिक राहुरी येथील डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषि अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणकारांच्या साहाय्याने घेता येण्याजोगे आहे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी यासाठी पुढाकार घ्यावा. बियाण्यावर प्रक्रिया करणे जसे विस्ताराचे काम, तसेच पिकलेला माल व तो नेणारा माणूस सुखरूप पोहोचेल असे पाहणे, हेही विस्ताराचेच काम आहे.

त्यांच्याकडून आणखी एक लहान गोष्ट व्हावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोन वेळा, गावातील पिकअप गाड्यांची उंची मोजून ती वहीत टिपून ठेवण्याची सवय लावावी. त्यास एक फीतपट्टी व पाच मिनिटे पुरतात. दोन-तीन नोंदी झाल्या की कोणती गाडी बसत चालली आहे हे आपोआप दिसू लागेल. रब्बीचा कांदा काढणीस येण्यापूर्वी ज्याने आपल्या गाडीची जोडी मूळ मापाने बदलून घेतली, त्यास भर हंगामात रस्त्याच्या कडेला माल उतरवून बसण्याची पाळी सहसा येणार नाही. स्प्रिंग नवी घ्यावी, मापाची घ्यावी, जोडीने घ्यावी. आणि ओझे मात्र गाडीच्या नोंदणीपत्रकात लिहिले असेल तेवढेच घ्यावे.

— कृषि अधिकारी, राहुरी